मिठाचं पाणी

आषाढातले ते पाच दिवस जिज्ञासा मिठाची बरणी फडताळातल्या सगळ्यांत वरच्या फळीवर, पापडाच्या डब्यामागे ठेवायची. घरात अकरा वर्षांची मुलगी, ध्रुवी, गौरीव्रत करतेय म्हटल्यावर तिच्या हाताला मीठ लागता कामा नये. पाच दिवस अळणी पोळी, दूध, तूप, केळी, काजू-बदाम. मिठाचा कण जिभेवर नाही. जिज्ञासाच्या नवऱ्याचं, निमेषचं, नडियादला स्टेशन रोडवर फरसाणचं दुकान. तो दर वर्षी तोच विनोद करायचा, "गावाला खारं विकतो आणि माझ्याच पोरीला घरात चिमूटभर मिळत नाही." दर वर्षी त्यावर तोच एकटा हसायचा.

व्रताच्या दुसऱ्या दिवशी दुपारी जिज्ञासा शिंप्याकडून घरी आली तर स्वयंपाकघरातलं स्टूल फडताळाखाली होतं. पापडाचा डबा पुढे आलेला. मोरीपाशी स्टीलचा पेला उपडा पडला होता आणि त्याच्या काठाला पांढरे कण चिकटले होते. तिने बोट लावून चाखलं. मीठच.

ध्रुवीचं हे चौथं वर्ष. पाच वर्षं पुरी केली की व्रताचं उजवणं, मग गोरण्या, म्हणजे व्रताच्या मुली, जेवायला घालायच्या, त्याची यादीसुद्धा जिज्ञासाने मनात करून ठेवली होती. तिने ध्रुवीला आतल्या खोलीत नेलं आणि दार लावलं.

"खरं सांग. मीठ खाल्लंस?"

"नाही."

"देवीची शपथ?"

"देवीची शपथ, मम्मी. जिभेलासुद्धा नाही लावलं."

ध्रुवी तिच्या डोळ्यांत बघून बोलत होती. ही मुलगी खोटं बोलली की डावा कान ओढते, हे जिज्ञासाला ठाऊक होतं. कान जागच्या जागी होता. तिचा जीव भांड्यात पडला. तिने पोरीला जवळ घेतलं, पेला घासला, बरणी परत वर ठेवली आणि चहाला आधण ठेवलं. खाल्लं नाहीस तर मग काढलं कशाला, एवढा एक साधा प्रश्न तिला सुचला नाही. मुलीचं व्रत शाबूत होतं, आणखी काय हवं होतं तिला?

पण चहा काही गोड लागला नाही. काहीतरी राहून गेल्यासारखं दिवसभर मागे लागलं होतं. ती दोनदा गॅलरीत जाऊन आली, वाळलेल्या कपड्यांच्या घड्या मोडून परत घातल्या.

त्यांच्या सोसायटीत व्रत करणाऱ्या मुली आठ. त्यांच्या मातीच्या आठ कुंड्या तळमजल्यावर कोकिलाबांच्या ओट्यावर एका ओळीत मांडलेल्या असायच्या. गहू पेरून उगवलेले हिरवेगार जवारे, त्यांना नागला, म्हणजे कुंकू लावलेली कापसाची माळ. सोसायटीतली सगळी व्रतवैकल्यं त्या ओट्यावरच व्हायची, कारण कोकिलाबांना सगळं पाठ होतं आणि त्या दिवसभर तिथल्या झोपाळ्यावर बसून असायच्या. कुणाची सून केस मोकळे सोडून गेली, कुणी एकादशीला कांदा आणला, सगळ्याची नोंद तिथे व्हायची. नाकाने कांदे सोलावेत तर कोकिलाबांनी.

आठातली सात नावं एका दमात घेतली जायची: ध्रुवी, निराली, आणि त्यांच्या मागोमाग पाच जणी. आठवी पंक्ती. नऊ वर्षांची, सावळी, गुडघे कायम खरचटलेले. तिची आई अल्पा दवाखान्यात नर्स होती आणि मायलेकी दोघीच गेल्या दसऱ्यापासून दुसऱ्या मजल्यावर भाड्याने राहायच्या. नवरा कुठे असतो हे विचारून बायका थकल्या, पण अल्पाने कधी सांगितलं नाही, आणि ते काही बायकांना पचलं नव्हतं.

पंक्ती खेळायला खाली उतरली की कुणीतरी ओरडायचं, "इंजेक्शन आलं, पळा." की साती जणी किंचाळत चारी दिशांना. जिला पंक्तीचा हात लागेल तिने जाऊन नळाखाली हात धुवायचे, नाहीतर ती बाद. सगळी सोसायटी हा खेळ बघायची. वॉचमन खुर्चीतून दाद द्यायचा. स्कूटर लावणारे काकासुद्धा म्हणायचे, "अरे पळा पळा, सुई आली." दिवाळीच्या सुट्टीत जिज्ञासा गॅलरीत कपडे वाळत घालत होती तेव्हा पंक्ती दोन्ही हात पसरून, खिदळत, सगळ्यांच्या मागे धावत होती आणि ध्रुवी टुणकन पाण्याच्या टाकीवर चढून बसली. ते ध्यान बघून जिज्ञासाला मोठ्याने हसू आलं होतं. ध्रुवीने वर बघितलं होतं आणि आईला हात हलवला होता.

चौथ्या दिवशी सकाळी पूजेला सगळ्या जमल्या तर सात कुंड्या हिरव्या आणि एक पिवळी. शेंडे करपून माना टाकलेल्या. कोकिलाबा झोपाळ्यावरून उतरल्या.

"ही कुणाची?"

"इंजेक्शनची," निराली म्हणाली, आणि मुली खुसखुसल्या. निराली कोकिलाबांचीच नात. कोकिलाबांनी तिला हटकलं नाही.

"पंक्ती, इकडे ये बेटा. खरं सांग, मीठ खाल्लंस?"

पंक्ती पायाच्या अंगठ्याकडे बघत उभी राहिली.

"देवीपुढे उभी आहेस. वेफर, शेव, काही तोंडात टाकलंस?"

पंक्तीचा अंगठा फरशी उकरत राहिला.

"तिच्या आईला कुठे वेळ आहे," निरालीची आई वर्षाबेन म्हणाली. "दिवसभर दवाखान्यात. पोर घरात काय खाते कोण बघतंय."

"मला वाटलंच होतं," कोकिलाबा म्हणाल्या. त्यांनी ती कुंडी दोन बोटांनी उचलली आणि ओट्याच्या टोकाला, चपला काढतात तिथे नेऊन ठेवली. "बाकीच्या मुलींचं व्रत बाटायला नको. आई आली की घेऊन जा म्हणावं. परवा पाण्यात सोडायला आमच्याबरोबर येऊ नकोस बेटा, वाईट वाटून घेऊ नकोस, पण देवाचं काम आहे."

जिज्ञासाच्या डोळ्यांपुढे स्टूल आलं, पापडाचा डबा आला, पेला आला. तिने ध्रुवीकडे बघितलं. ध्रुवी आपल्या कुंडीचा नागला नीट करत होती, आणि तिचा डावा हात कानाशी होता.

आता बोलायला हवं होतं. दोन वाक्यं बोलली असती की पोरीच्या डोक्यावरचा आळ उतरला असता. जिज्ञासाने तोंड उघडलं, तेवढ्यात आरती सुरू झाली, आणि ती टाळ्या वाजवायला लागली. आरती संपली तरी ती वाजवतच होती. वर्षाबेनने कोपर मारलं तेव्हा थांबली. पंक्ती चपलांपाशी उभी राहून सगळी आरती म्हणत होती.

घरी येऊन जिज्ञासाने पर्ससुद्धा खाली ठेवली नाही.

"किती घातलंस?"

ध्रुवीने नाटक केलं नाही. "एक पेला. पाण्यात ढवळून."

"का?"

"आम्ही ठरवलं होतं. निराली म्हणाली, मिठाने झाड मरतं, विज्ञानात आहे."

"का पण, ध्रुवी? तिने काय केलं होतं तुमचं?"

"तिचे जवारे सगळ्यांत उंच आले होते. बा सगळ्यांसमोर म्हणाल्या, बघा, इंजेक्शनचे जवारे बघा, शिका काहीतरी." ध्रुवी जरा थांबली. "मी मीठ खाल्लं नाही, मम्मी. तू तेच विचारलं होतंस."

जिज्ञासाला चपराक बसल्यासारखं झालं. "पंक्ती मान खाली घालून उभी होती तिथे. तुला काहीच वाटलं नाही?"

"तिला चालतं. ती रडत नाही. आणि सगळेच हसतात. वॉचमनकाका हसतात, बा हसतात. तू पण हसली होतीस, दिवाळीत, गॅलरीतून. मी बघितलं."

जिज्ञासाने ओरडायला श्वास घेतला होता, तो तसाच सोडला. खोटं असतं तर ओरडता आलं असतं.

दुपारी निमेष जेवायला आला. त्याने सगळं ऐकून घेतलं, कढीचा भुरका मारला आणि म्हणाला, "तू यात पडू नकोस. पोरं आहेत, चार दिवसांनी एकत्र खेळतील. ध्रुवीचं नाव सोसायटीत कशाला खराब करायचं? मी संध्याकाळी त्यांच्याकडे अर्धा किलो काजूकतली पाठवतो."

"मीठ आपल्या मुलीने घातलं आणि काजूकतलीने ते धुऊन निघणार?"

"मग काय, दवंडी पिटणार आहेस?"

"अरे, त्या पोरीला देवीपुढे खोटारडी ठरवलं सगळ्यांनी."

"तू ठरवलंस का? कोकिलाबांनी ठरवलं. त्यांना जाऊन सांग काय ते," निमेष म्हणाला आणि आडवा झाला. पाच मिनिटांत घोरायला लागला. जिज्ञासाला त्या घोरण्याचा एवढा राग आला की तिने भांडी मुद्दाम आपटून घासली. तो काही उठला नाही. चार वाजता तिने ध्रुवीचा हात धरला आणि जिना चढली. दोनदा थांबली. एकदा तर खाली वळलीसुद्धा. ध्रुवीच म्हणाली, "जायचं नाहीये का?", आणि तिच्या आवाजातली आशा ऐकून जिज्ञासा परत फिरली.

दार अल्पाने उघडलं. अंगावर कामावरचाच पांढरा पोशाख, आणि ती करपलेली कुंडी तिच्या जेवणाच्या टेबलावर. आत पलंगावर पंक्ती भिंतीकडे तोंड करून झोपली होती.

"बरं झालं आलात, जिज्ञासाबेन. तुम्ही होता ना सकाळी? नक्की काय झालं? ही बोलत नाही. काल दुपारपासून दूधसुद्धा घेत नाही. ताप नाही, पोट बरं आहे. मला वाटलं, मीच काही चुकले. पाणी जास्त झालं का, मला या व्रतातलं फारसं कळत नाही. हिलाच हौस, सगळ्या करतात म्हणून."

जिज्ञासाने जिन्यात जुळवलेली वाक्यं कुठल्या कुठे गेली. "कुंडीत मीठ घातलं, अल्पाबेन. ध्रुवीने. माझ्या घरातलं. परवा. आणि आज सकाळी मला कळलं तरी मी गप्प बसले."

तिने ध्रुवीला पुढे केलं. ध्रुवी फरशीकडे बघून "सॉरी" म्हणाली. शाळेत हजेरी देतात त्या आवाजात.

अल्पा काही बोलायच्या आतच पलंगावरून आवाज आला, "मला माहीत होतं."

पंक्ती उठून बसली होती. ओठ सुकलेले. "मातीवर पांढरं दिसत होतं काल. मी बोट लावून चाखलं. मग माझंच व्रत मोडलं ना? म्हणून मी जेवत नाहीये. न जेवता राहिलं तर देवी कदाचित मोजून घेईल."

"अगं, मग सकाळी सांगायचं नाही का बांना?" जिज्ञासा म्हणाली.

"बांनी विचारलं, मीठ खाल्लंस का. खाल्लं होतं."

ध्रुवीने पहिल्यांदा मान वर करून पंक्तीकडे बघितलं आणि लगेच आईच्या मागे सरकली. जिज्ञासाला वाटलं, या पोरीच्या पायाशी बसावं. पण ते करायलाही धीर लागतो. तो तिच्याकडे नव्हता.

अल्पाने फ्रिजमधून दूध काढलं, गरम केलं, साखर घातली. चाखून मोडत नाही, जाणून खाल्लं तर मोडतं, असं तिने पंक्तीला इतक्या खात्रीने सांगितलं की जणू तिने शास्त्र वाचलं होतं. पंक्तीने पेला संपवल्यावरच ती जिज्ञासाकडे वळली.

"आठ महिने ही मला येऊन सांगते, मम्मी, सगळ्या माझ्याबरोबर पकडापकडी खेळतात आणि रोज माझ्यावरच राज्य असतं. मी म्हणायचे, असू दे, नवीन आहेस. मला बरं वाटायचं, पोरीला मैत्रिणी मिळाल्या. आज ते इंजेक्शनचं कळलं मला, वॉचमनकडून. हसत सांगत होता." ती शांतपणे बोलत होती, आणि तेच जिज्ञासाला सोसत नव्हतं. "मी दिवसभर बाहेर. मला दिसत नव्हतं. तुम्हाला गॅलरीतून दिसत होतं ना?"

"हो."

"मग खाली का नाही आलात?"

जिज्ञासाने टेबलावरची कुंडी उगाच सरळ केली.

"सॉरी मला नको," अल्पा म्हणाली. "जिथे हिची कुंडी बाजूला काढली तिथे जाऊन सांगा. आणि ध्रुवीला सगळ्यांपुढे उभी करू नका. अकरा वर्षांची आहे ती. सांगायचं तर तुम्ही सांगा."

पाचव्या दिवशी सकाळी जिज्ञासाने सांगितलं. हातातलं निरांजन तिने आधी खाली ठेवलं. पंक्तीने काही केलं नाही, म्हणाली. मीठ माझ्या घरातून आलं, माझ्या मुलीने कुंडीत घातलं, मुलींनी मिळून ठरवलं होतं, आणि आपण सगळ्या आठ महिने त्या पोरीचा खेळ बघून हसतोय, त्यात मी पहिली.

"मुलींनी मिळून म्हणजे?" वर्षाबेन उसळली. "माझी निराली असल्या भानगडीत नसते हं. आपल्या पोरीचं पाप दुसऱ्यांवर ढकलू नका."

"माझी तर त्या दिवशी घरीच नव्हती," दुसरी म्हणाली.

"आणि हसलो तर काय झालं? पोरांचा खेळ होता," तिसरी.

बघता बघता सगळ्यांनी हात झटकले. कोकिलाबा उठल्या, चपलांपाशी गेल्या. तिथे कुंडी नव्हती, हे त्यांना तेव्हा आठवलं. "जा, आणा रे तिची कुंडी," त्या म्हणाल्या. "देवाच्या दारी वाद नको. जे झालं ते झालं." पंक्तीची पिवळी कुंडी परत ओळीत आली. ओळीत आली खरी, पण कुणी त्या पोरीची माफी मागितली नाही. पंक्तीचं मात्र तोंड उजळलं होतं. आपली कुंडी कुठल्या दोन कुंड्यांच्या मधे आहे हे ती पुनःपुन्हा बघत होती.

सहाव्या दिवशी सकाळी आठी जणी नटूनथटून तळ्यावर गेल्या, जवारे सोडले आणि घरी येऊन मीठ घातलेलं जेवल्या. ध्रुवी जेवताना काही बोलली नाही. संध्याकाळी खेळायला जायचं नाही म्हणाली. जिज्ञासाने तिला समजावून पाठवलं. झालं गेलं संपलं, आता नव्याने खेळा. स्वतः गॅलरीत आली, पण तिचं कशात लक्ष लागेना. चिमटे मोजले, परत डब्यात टाकले.

ध्रुवी जिन्यातून बाहेर आली तशी निराली ओरडली, "खारी आली, पळा."

मुली किंचाळत पळाल्या. ध्रुवी हसली आधी, कुणाच्या तरी मागे दोन पावलं गेली आणि मग तिला कळलं. ती मैदानाच्या मधोमध उभी राहिली, एक हात अर्धवट पुढे. वॉचमन खुर्चीतून हसला. झोपाळ्यावरून कोकिलाबांचं हसू ऐकू आलं, अगदी नेहमीचं. स्कूटर लावत एक काका म्हणाले, "अरे पळा, खारी शेव आली."

पळणाऱ्यांत पंक्तीही होती. सगळ्यांत पुढे, वेण्या उडवत, तोंडभर हसत.

जिज्ञासाच्या हातून चिमट्यांचा डबा पडला. ती धावली. एका पायात चप्पल, जिना उतरताना कठड्याला कोपर आपटलं, तळमजल्याच्या पायरीवर तोल गेला. आठ महिन्यांत तिला या एका जिन्याचं अंतर कधी एवढं लांब वाटलं नव्हतं. खाली पोचली तेव्हा तिला धाप लागली होती.

अल्पा तिच्या आधी तिथे होती. कामावरून येत होती वाटतं, खांद्याला पिशवी तशीच. तिने पळणाऱ्या पंक्तीचं मनगट धरलं होतं.

"सोड ना मम्मी. मी बाद होईन."

"नाही पळायचं."

"पण आज माझ्यावर राज्य नाहीये." पंक्तीचा चेहरा रडवेला झाला. इतक्या महिन्यांत ती पहिल्यांदा रडायला आली होती. "आज मला पळणाऱ्यांत घेतलंय. निराली स्वतः म्हणाली, चल."

"कळलं मला," अल्पा म्हणाली. तिचाही आवाज फाटला होता. "तरी नाही पळायचं."

तिने पंक्तीला, ओढत नाही पण सोडतही नाही, असं मैदानाच्या मधोमध आणलं आणि दुसरा हात ध्रुवीच्या खांद्यावर ठेवला. मग पिशवी खाली ठेवून ती तिथेच उभी राहिली, झोपाळ्याकडे तोंड करून. कोकिलाबांचं हसू थांबलं. काका स्कूटरला उगाच कुलूप लावून बघायला लागले. पंक्ती हुंदके देत होती, ध्रुवी तिच्याकडे बघत होती, आणि दोघींमध्ये हातभर अंतर होतं.

जिज्ञासा जवळ आली. ध्रुवीला पोटाशी धरावं म्हणून तिने हात पुढे केले होते. अल्पाने मान वळवून तिच्याकडे, तिच्या अनवाणी पायाकडे बघितलं.

"आलात खाली," ती म्हणाली.

त्यात टोमणा नव्हता. असता तर जिज्ञासाला सोपं गेलं असतं. ती आपल्या मुलीसाठी उतरली होती. ही बाई जिज्ञासाच्या मुलीसाठी उभी राहिली होती, आणि त्यासाठी स्वतःच्या पोरीच्या तोंडचं हसू तिने काढून घेतलं होतं. जिज्ञासाचे पुढे केलेले हात तसेच राहिले. मग ती खाली बसली, ध्रुवीपुढे नाही, पंक्तीपुढे, आणि पदराने तिचं नाक पुसायला लागली.